एकाच अक्षरातली चारशे बारा कार्डं

(आत्याच्या स्वयंपाकघरातलं टेबल. रेडिओ केंद्राची जुनी वही दोघींच्या मध्ये उघडी.)

भाची : म्हणून म्हणते आत्या, आजच्या कार्यक्रमातून तेवढं एक वर्ष वगळू. बाकी एकोणतीस वर्षांची सर्वांत लोकप्रिय गाणी तुझ्या वहीप्रमाणेच वाजणार आहेत.

आत्या : वगळू? का, त्या वर्षी लोकांना कान नव्हते?

भाची : अगं, शेरा तुझाच आहे. हे बघ. ‘चारशे बारा कार्डं, एकच हस्ताक्षर.’ आमचे साहेब म्हणतात, गायकानंच कुणाला तरी बसवून लिहून घेतली असणार. ती मतं काढली तर पहिलं गाणं घसरून तिसरं होतं.

आत्या : तुमच्या साहेबांचा तेव्हा जन्म तरी झाला होता का? तीस वर्षं श्रोत्यांच्या पत्रांची पोती मी फोडली. एका रेकॉर्ड कंपनीनं अख्खं पोतं खोट्या कार्डांनी भरून पाठवलं होतं, तेही मीच पकडलं.

भाची : मग ही कशी सुटली?

आत्या : सुटली नव्हती. बाजूला काढली, शेरा मारला. दुसऱ्या दिवशी टाकायला उचलली, तर प्रत्येकाच्या कोपऱ्यात निळा डाग. कार्डं डागाळली म्हणून पोस्टमनला नको नको ते बोलले. मग भिंग लावलं. अंगठे होते गं. प्रत्येकाचा वेगळा.

भाची : अंगठे?

आत्या : पोस्टाचा शिक्का बघून रविवारी तिथं गेले. दगडाची खाण. तिथला कारकून ऑफिसच्या खिडकीत रेडिओ ठेवायचा, बाहेर खाणीतली सगळी माणसं जमायची. लिहिता येणारा तो एकटा. रांगेनं एकेकानं नाव सांगितलं, गाणं सांगितलं, अंगठा उठवला. एक बाई मला म्हणाली, आमच्या दगड फोडण्याच्या कामावर कुणी गाणं करेल असं वाटलं नव्हतं, म्हणून कार्ड पाठवलं.

भाची : आणि तेव्हाचे साहेब?

आत्या : अंगठ्याला मत म्हणायचं का, म्हणाले. म्हटलं, साहेब, निवडणुकीत अंगठेवाल्याचं मत चालतं, मग गाण्याला काय धाड भरली? त्यांनी गुपचूप सही केली.

भाची : मग शेरा का नाही खोडलास?

आत्या : तीस वर्षांत माझ्या वहीत एक खाडाखोड नाही. साऱ्या ऑफिसात मिरवायचे मी. बेरीज बरोबर केली, वाटलं पुरे. माझ्या तोऱ्यापायी ती माणसं खोटी ठरतील, हे डोक्यातच आलं नाही.

भाची : साहेब लेखी मागतील. चारला रेकॉर्डिंग आहे.

आत्या : पेन दे. ही मारली आडवी रेघ. ‘मतं खरी. स्वतः जाऊन पाहिलं.’ खाली सही, आजची तारीख. घे.

भाची : तुझ्या वहीतली पहिली खाडाखोड.

आत्या : असू दे. वाचता येतंय ना?

भाची : येतंय. आत्या, मला तुझा फार अभिमान वाटतो. आज कार्यक्रमात तुझं नाव घेणार मी.

आत्या : माझं कशाला? खाणीतल्या माणसांनी निवडलेलं गाणं, असं सांग. आणि अख्खं वाजव, मध्येच कापू नका. शेवटचं कडवं झाल्याशिवाय ती उठायची नाहीत.