रितेशचा व्हिडिओ आणि बेचाळीस बोटी

...आणि वर रितेश मलाच विचारतो, "देवादादा, सर्व्हर बंद पडला काय?" बंद? अहो, बिचारा धापा टाकत होता! तुम्हाला सांगतो, उरणच्या आमच्या मच्छीमार सोसायटीचा सर्व्हर मी सांभाळतो. त्यात दोन कंटेनर. छे, बंदरातले लोखंडी नव्हेत! एकाच मशीनमध्ये पाडलेले कप्पे. एकात वादळाचा इशारा बोटींच्या फोनवर धाडणारा प्रोग्रॅम, दुसऱ्यात रितेशचे व्हिडिओ. रितेश आमचा कारकून, हौशी ड्रोनवाला. त्याला वाटतं, कप्पा वेगळा म्हणजे मशीनही वेगळं. अरे, मशीन एकच आहे, बाबा!

मंगळवारी दुपारी दोनला इशारा आला. बेचाळीस बोटी बाहेर, आणि निरोप गेले किती? तीन! का, तर रितेशने नारळी पौर्णिमेचा व्हिडिओ बनवायला लावलेला... प्रोसेसर त्याचा, मेमरी त्याची! मेमरी संपली की सिस्टीम एखादा प्रोग्रॅम मारून टाकते, तिने मारला नेमका इशाऱ्याचा! फोन केला तर, "दादा, चाळीस टक्केच राहिलंय, थांबा ना..." थांबा? मशीन एकच आहे, बाबा!

तेवढ्यात शेजारच्या ठमाबाई दारात, त्यांचा मुलगा त्याच बेचाळिसांतल्या एका बोटीवर. "देवा, आमचा रतन फोन उचलत न्हाय रं..." कसा उचलेल? इंजिनाच्या धडधडीत रिंग ऐकू येते होय? आमचा इशारा मात्र भोंग्यासारखा वाजतो... गेला तर! रितेशच्या कप्प्याला मर्यादा घालायची महिनाभर राहिलेली, चूक माझीच. ती आता घातली. प्रोसेसरचे आठ कोअर, म्हणजे आठ मेंदूच म्हणा, त्यातले व्हिडिओला दोनच, मेमरी चार जीबी, त्यापुढे एक थेंब नाही! इशाऱ्याची मेमरी राखीव. तो प्रोग्रॅम पुन्हा चालू केला... नऊ... सव्वीस... बेचाळीस!

आणि रतनचा फोन! "भोंगा वाजला, दादा, वळलो. पाठी आभाळ पार काळं हाय!" साडेचारला शेवटची बोट धक्क्याला लागली, मग वारा असा सुटला म्हणता! मी तिथंच जमिनीवर बसलो. ठमाबाई रडत होत्या, मीही... जाऊ दे. पण हायसं वाटलं हो, फार हायसं वाटलं!

दुसऱ्या दिवशी ठमाबाईंना सगळं नीट समजावलं. कप्पे, मेमरी, मर्यादा... अर्धा तास! त्यांनी मान डोलावली, बाजारात गेल्या, आणि आता अख्खं उरण मला थांबवून विचारतं, "काय हो, रितेशचा पिक्चर तुम्हीच अडवलात ना?"

...हो म्हणतो. काय करणार!