येऊन राहिला

सत्यवती : पेढे वापस घेऊन जा, पास्टर. आमच्या घरी आज तोंड गोड करासारखं काही झालं नाही.

पास्टर : असं काय म्हणता, मावशी? अंकुर कुठे आहे? झोपलाय का? प्रवासानं दमला असेल.

सत्यवती : कोन झोपला? कोनी आलंच नाही अजून.

पास्टर : पण सकाळी चर्चच्या दारात तुम्हीच मला म्हणालात, पोरगं येऊन राहिलं.

सत्यवती : हो, म्हणली. येऊन राहिलं म्हणजे रस्त्यानं हाय. नागपूरवरून गाडीत बसलं, अकोल्याले येऊन राहिलं. शेंबडं पोट्टं बी समजते आमच्याकडं.

पास्टर : अरे देवा. मला वाटलं, आला आणि राहिला. आमच्या नगरकडे असं कोणी...

सत्यवती : नगरकडं काय म्हणतात ते मले माहीत नाही. तुमी तर उभं राहून साऱ्या मंडळीले सांगून टाकलं, उधळ्या पुत्र घरी आला, प्रभूनं प्रार्थना ऐकली. टाळ्या झाल्या, गाणं झालं.

पास्टर : तुम्ही तिथेच होतात. मला थांबवायचं ना.

सत्यवती : एवढ्या आनंदात उठून 'नाही आला' म्हणाची माही छाती नाही झाली. म्हणलं, दुपारलोक येतेच तो, कशाले मोडा.

पास्टर : चुकलो, मावशी. पण येईलच ना आता? उशीर झाला असेल, एवढंच.

सत्यवती : तुमची आराधना मोबाईलवर दिसते न? कोनी तरी त्याले धाडली. अमरावतीले गाडी उभी होती, तठी पाह्यली त्यानं. खाली उतरला अन् मले फोन केला. 'आई, चर्चमधी तर मी घरी येऊन बी गेलो. आता कशाले येऊ? अन् उधळ्या म्हणतात मले.' तवापासून फोन बंद.

पास्टर : तो बायबलमधला दृष्टांत आहे, मावशी, घरी परतलेल्या मुलाचा. प्रेमानंच म्हणालो होतो.

सत्यवती : त्यानं काय उधळलं, पास्टर? दारू नाही, पत्ते नाही. तुमी नवे, तुमाले कोनी सांगतलं नसन. आमची रागिणी होती, त्याच्या पाठची. कावीळ झाली. पुऱ्या मंडळीनं उपास धरला, रात रात प्रार्थना केल्या. तरी गेली थे. माती देल्ली त्या दिवशी कबरीपाशी जो तो म्हणे, देवाची वेळ, देवाची वेळ. तवा अंकुर बोलला, तुमचा देव बहिरा हाय. बापानं साऱ्याईसमोर थोबाडीत देल्ली. म्हणे, मले तोंड दाखवू नोको. मंग त्यानं दाखवलं नाही.

पास्टर : हे मला ठाऊक असतं तर...

सत्यवती : ठाऊक नव्हतं, तर इचारा लागत होतं. आता डॉक्टरनं ह्याईले, अंकुरच्या बाबाले, घरी न्याले सांगतलं. म्हणते, प्रार्थना करा. डॉक्टर बी हेच म्हणते, मंग आमी कोनाकडं जावं? अन् वरून दुपारी चर्चमधल्या बाया आल्या, ह्याईच्या कानात सांगून गेल्या, अंकुर आला म्हून. दाराकडं पाहून राहिले तवापासून. जा, तुमीच सांगा. मले नाही सांगनं होत.

(आतली खोली. खाटेवर अंकुरचे वडील सूर्यभान; अकोल्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते.)

सूर्यभान : कोन व? अंकुर हाय?

पास्टर : नाही काका, मी पास्टर. अंकुर अजून आलेला नाही. मी चर्चमध्ये चुकीचं सांगितलं.

सूर्यभान : मले वाटलंच. तो आला असता तं पहिले चूल पाह्याले गेला असता, काय शिजलं म्हून.

पास्टर : मला क्षमा करा.

सूर्यभान : फलाटाले लागायच्या आंधी गाडी पुकारली तुमी. आमच्याकडं याच्यासाठी मेमो भेटे. कुठी हाय तो?

सत्यवती : अमरावतीले उतरला. फोन बंद करून बसला.

सूर्यभान : येत नाही म्हणला?

सत्यवती : कशाले येऊ, म्हणला.

सूर्यभान : म्हणजे इचारलं त्यानं. 'नाही' तं नाही म्हणला.

पास्टर : काका, आपण प्रार्थना करू या. देव आपल्या वेळेनुसार...

सत्यवती : त्याची वेळ, त्याची वेळ. ह्याईची वेळ कोनी पाहते का?

सूर्यभान : चिडू नोको व. पन तिचं खरं हाय, पास्टर. मी बी रोज भांडतो त्याच्यासंग. पोरगी मागतली, नाही देल्ली. पोरगं मागून राहिलो. स्टँडवर खिडकीत बसो मी, तं लोक इचारत, तेल्हारा कवा लागते, परतवाडा कवा लागते. मले कुठी माहीत राहे. मी म्हणो, येऊन राहिली.

पास्टर : माहीत नसताना?

सूर्यभान : निंघाली तं राहे न ते. कुठलोक आली, मले दिसे नाही, एवढंच. लोक चिडत, शिव्या देत. मले वाटे, काहून एवढे उतावीळ होतात. आता मी बाहेरच्या बाकावर हाय. लय कठीन हाय, पास्टर, बाकावर बसनं.

सत्यवती : नोका बोलू जास्त. दम लागून राहिला.

सूर्यभान : पास्टर, फोनमधी आवाज भरून धाडता येते म्हणतात?

पास्टर : येतो. मावशी, तुमचा फोन द्या. अंकुरनं त्याचा सुरू केला की ऐकेल तो. हं, बोला.

सूर्यभान : पानी दे व घोटभर... प्रवाशांनी लक्ष द्यावे. अमरावती-अकोला गाडी उशिरानं धावून राहिली. गाडी रद्द नाही. फलाट मोकळा ठेवला हाय. त्या दिवशी कबरीपाशी कंट्रोलरनं हात उचलला, ते त्याचं चुकलं... बस. धाडा.

पास्टर : पाठवलं, काका.

सत्यवती : एवढं बोलाले इतकी वर्सं लागली तुमाले.

सूर्यभान : लागली. साराच उशीर देवाचा नव्हता. थोडा माह्याकडून बी झाला... दार लोटू नोको.

सत्यवती : उघडंच हाय. पडा आता.

पास्टर : मावशी, अंधारून आलं. लाईट लावू का?

सत्यवती : मीच लावीन. तुमी हात नोका सोडू ह्याईचा. झोप लागली का?

पास्टर : मावशी, इकडे या.

सत्यवती : काय झालं?

पास्टर : हात गार पडलाय. श्वास लागत नाही हाताला.

सत्यवती : अहो. अहो, पाहा न इकडं... अंकुरचे बाबा...

पास्टर : गेले, मावशी.

सत्यवती : घडीभर थांबला असता तं काय बिघडत होतं त्याचं?

पास्टर : अंकुरचं?

सत्यवती : देवाचं.

पास्टर : मावशी, कोणतं वचन वाचू?

सत्यवती : काही नोका वाचू. आज लय बोलले तुमी. बसा नुसते.

पास्टर : बसतो... मावशी, तुमचा फोन वाजतोय. अंकुरच आहे. मी सांगू का त्याला?

सत्यवती : द्या इकडं. या वक्ती तुमी नोका पुकारू... हां बापू. ऐकलं न बाबाचं?... बसला गाडीत? कुठी आला, बडनेरा गेलं?... हो, येऊन राहिला न, समजलं मले. रडू नोको, गाडीत लोक पाहतात. खिडकीपाशी बस... नाही, घाई काही नाही आता. सावकाश ये. दार उघडं हाय... बाबा? बाबा पोचले.