देवाला बोललेला कोंबडा

त्या वर्षी तारापूरला विजेचं मोठं काम सुरू होतं. पालघरच्या गुरांच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे दोघं होती. सातपाटीची एक कोळीण, पाटीत मांजर घेऊन, आणि डोंगराकडचा एक माणूस, काखेत कोंबडा धरून.

"काय झालंय रे दादा कोंबड्याला?"

"आजारी हाय, बाय."

"आजारी? मगाधरनं तीनदा आरवला."

"तापात बरळतोय. तुज्या मांजरीला काय झालं?"

"माशाचा काटा अडकलाय. कोळ्याची मांजर आणि काटा अडकला! लाजेनं झाकून आणली. तू मात्र कोंबड्यासाठी एवढा चालत आलास? आमी कापून खाल्ला असता."

"कापायचाच हाय. बैल आजारी पडला तवा बायको देवाला हा कोंबडा बोलली. बैल झाला बरा. उद्या द्यायचा."

"मग दवाखान्यात कशाला?"

"देवाला आजारी कोंबडा चालत नाय. डॉक्टरनं आजारी लिवला का बायको दुसरा देईल."

"आणि हा?"

"ह्याची आय मुंगसानं नेली, बाय. मीच हातानं कण्या चारल्या."

त्याचा नंबर आला, तशी कोळीणही मागोमाग आत गेली. डॉक्टरांनी कोंबडा हातात घेतला, चोच उघडून पाहिली.

"अहो, हा तर ठणठणीत आहे!"

"नीट बगा ना, सायेब."

"काय बघू? तुरा बघा कसा लालभडक!"

तेवढ्यात कोंबडा डॉक्टरांच्या हातातच खणखणीत आरवला.

"बगा सायेब," कोळीण म्हणाली, "परत बरळला. सकाळधरनं असाच चाललाय बिचारा."