श्रीमती ‘य.’ यांची केस

(सोलापूर, १९३४. हायस्कुलातले मास्तर वेणीमाधव यांची अभ्यासाची खोली. संध्याकाळ. त्यांची विधवा भावजय यशोदा आज दुपारीच कन्याशाळेतून परतली आहे. वेणीमाधवांची पत्नी रुक्मिणी तांब्या घेऊन दाराशी उभी.)

यशोदा : पाणी नको, रुक्मिणी. या खोलीत माझ्या घशाखाली काही उतरायचं नाही. भाऊजी, पुढचं वाचा. ‘काठी’ या शब्दापासून.

वेणीमाधव : वहिनी, तुम्ही रागात आहात. अशा वेळी शास्त्रीय लेखन ऐकू नये.

यशोदा : शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये साठ माणसांपुढं वाचलंत ना? मग माझ्यापुढं वाचायला काय झालं?

वेणीमाधव : बरं. “शब्द, काठी. उत्तरास विलंब, अकरा सेकंद. चेहरा आरक्त. यावरून सदर विधवेच्या अंतर्मनात अतृप्त वासना दडपलेली असून, पतीच्या मृत्यूची सुप्त इच्छा...”

यशोदा : शी! पुरे. अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

वेणीमाधव : पण तुमचं नाव कुठं आहे त्यात? श्रीमती ‘य.’, बस्स.

यशोदा : श्रीमती ‘य.’, वय एकतीस, कन्याशाळेत शिक्षिका, पती नामांकित वकील, विषमज्वरानं निवर्तले. अशा किती जणी आहेत हो सोलापुरात? आज गुरुबसप्पांनी आपल्या दोन्ही मुलींची नावं आमच्या शाळेतून काढली. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, थोडे दिवस रजा घ्या. मी अपूर्णांक शिकवत होते. फळ्यावरचं गणित अर्धं टाकून आले.

वेणीमाधव : लोकांना मेथड कळत नाही, त्याला मी काय करू? तीन वर्षं या विषयात घासतोय मी. एक पंथ म्हणतो, दुःखाचं मूळ बालपणात शोधा. दुसरा म्हणतो, न्यूनगंडात. तिसऱ्याच्या मते सगळा सवयीचा खेळ. पण एका गोष्टीवर तिघांचं एकमत आहे. पेशंटनं मोकळेपणी बोलावं, सल्लागारानं निमूट ऐकावं.

यशोदा : आणि ऐकलेलं गावभर वाचून दाखवावं, हे कुठल्या पंथाचं? “वहिनी, या खोलीतलं या खोलीतच राहील,” असं म्हणाला होतात तुम्ही. यांना जाऊन पाच वर्षं झाली तरी मी झोपेत दचकून उठायची. म्हणून बसले त्या तुमच्या आरामखुर्चीत. तुम्ही पाठीमागे, हातात घड्याळ. तुम्ही एकेक शब्द उच्चारायचा, मी मनात येईल ते बोलायचं. आईपाशी बोलले नाही ते तुमच्यापाशी बोलले.

वेणीमाधव : आणि झोप लागायला लागली की नाही? उपचार लागू पडला!

यशोदा : पडला होता. शनिवारपर्यंत.

वेणीमाधव : पतीच्या निधनानंतर सुटल्यासारखं वाटलं, हे तुमचेच शब्द. मी पदरचं काही घातलेलं नाही.

यशोदा : घातलं नाहीत, काढलंत! का सुटल्यासारखं वाटलं, तेही सांगितलं होतं मी. तुमचे दादा कोर्टातून आले की कोपऱ्यातली काठी घ्यायचे. खटला हरले की घ्यायचे, जिंकले तरी घ्यायचे. पाठ दाखवू का म्हटलं, तेव्हा तुम्ही मान खाली घातलीत. पण वहीत उतरवून घेत होतात, टाकाचा आवाज येत होता. ते सगळं निबंधात कुठं गेलं?

वेणीमाधव : ते... विषयाला धरून नव्हतं.

यशोदा : नव्हतं?

वेणीमाधव : वहिनी, कोर्टाच्या बाररूममध्ये दादांचा फोटो आहे. गेलेल्या माणसावर असलं काही... घराण्याचं नाव आहे!

यशोदा : म्हणून त्यांची काठी झाकलीत आणि चार लोकांत माझी वासना उघडी केलीत. तुमच्या दादांची मला भीती वाटायची, भाऊजी. तुमची किळस येते. या खोलीत उभं राहायलाही नको वाटतं.

वेणीमाधव : जपून बोला. हा निबंध मुंबईचं मासिक छापतंय. त्यावर माझी तिथली नेमणूक अवलंबून आहे.

यशोदा : ठाऊक आहे. त्या संपादकांना दुपारीच मी पत्र टाकलंय. काठीची सगळी हकीकत लिहिली. आणि खाली ‘य.’ नाही, पूर्ण नाव घातलं.

वेणीमाधव : काय? अहो, पुन्हा शाळेत उभं करतील का तुम्हाला?

यशोदा : आता तरी कुठं करतायत? ट्रंक बाळीवेशीत सुंदरम्माबाईंकडे पोचलीसुद्धा. त्यांनी खोली दिलीय. उद्यापासून तिथं शिकवण्या घेईन. दोन मुली येतो म्हणाल्यात.

वेणीमाधव : कोण विश्वास ठेवणार त्या पत्रावर? संपादक मलाच विचारतील, आणि मी सांगेन की हिस्टेरियाची केस आहे. पुरावा काय तुमच्यापाशी? बंद दाराआडची गोष्ट. साक्षीला कोण आहे?

रुक्मिणी : मी आहे.

वेणीमाधव : तू आत जा.

रुक्मिणी : नाही जात. जाऊबाई, तुमच्या-आमच्या खोलीमधली भिंत एका विटेची होती. मला सगळं ऐकू यायचं. एकदाही उठून आले नाही मी. धीरच झाला नाही.

यशोदा : सतरा वर्षांची होतीस गं तू. सून म्हणून नुकती आलेली.

रुक्मिणी : मी सतरा वर्षांची होते. हे नव्हते.

वेणीमाधव : मला काय माहीत? मी अभ्यासात असायचो. मला काही ऐकू येत नव्हतं.

रुक्मिणी : असं कसं म्हणता? काठी वाजायला लागली की तुम्ही पुस्तक उघडून मोठमोठ्यानं वाचायला लागायचात. ती थांबली की तुम्हीही थांबायचात.