हँडल फिरवू नका

नाही नाही, ते हँडल तेवढं फिरवू नका, बाब — बाकी सगळं बघा, झाकण उघडा, भिंग लावा, फोटो काढा — फक्त हँडल नको. इकडे फिरवलं की आत वाजतं. आत म्हणजे त्या जनेलापलीकडे, खिडकीच्या आतल्या खोलीत, बायकोच्या खाटेशी, जोडीतला दुसरा तिथे आहे. ही वायर दिसते ना, सोप्याच्या खांबावरून आत गेलेली — तीच. बसा ना. मी हळू बोलतो, माझा गौरेश चिडतो, म्हणतो बाबा, तुमचं एक वाक्य संपेपर्यंत माझी तुयेच्या कारखान्यातली शिफ्ट संपते. त्यानेच ना फोटो पाठवले तुम्हाला? मीच सांगितलं त्याला, दे ते देऊन कोणाला तरी, ज्याला जुन्या वस्तूंतलं कळतं त्याला.

जपानी तो जपानीच, लढाईतला फोन. माझ्या बापाने आणला बर्मातून — सावंतवाडीला जाऊन इंग्रजांच्या पलटणीत भरती झालेला, इथे गोव्यात तेव्हा पोर्तुगीज. लढाई संपल्यावर सातार्ड्याची नदी ओलांडली होडीतून, दोन्ही डबे पेंढ्यात बांधून, पाकल्याच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, शिपायाने बघितले असते तर हेर म्हणून आत टाकला असता. मग बाप मरेपर्यंत डबे माळ्यावरच. झाकणातली ही उभी अक्षरं आम्हाला नक्षी वाटायची. काय म्हणता — वर्ष लिहिलंय? सतरा? त्यांच्या राजाचं सतरावं, म्हणजे आपलं बेचाळीस? बघा, जन्मभर घरात, आणि वय आज कळलं.

सत्यवतीच्या, माझ्या बायकोच्या, अंगावरून वारं गेलं, तीन वर्षं झाली. वाचा गेली, उजवी बाजू गेली, डावा हात तेवढा राहिला. गौरेशने मोबाईल आणून दिला, पण तिचं बोट त्या काचेवर ठरत नाही. तेव्हा हे आठवले मला. बोलायला सेल लागतात, ते कधीच मेले — घंटीला सेल लागत नाही, हाताचा जोर पुरे. एकदा फिरवलं की पाणी, दोनदा म्हणजे कूस बदल, तीनदा म्हणजे — तीनदा म्हणजे काही नाही, उगीच. मी काजूच्या बागेत जाताना हा डबा खांद्याला, वायर मागे सोडत. शेवटच्या ओळीपर्यंत पोचते. पलीकडच्या उतारावर बोंडू पडून कुजतात, वास येतो, जाता येत नाही. शेजारचा दत्तप्रसाद दगडी गडग्यावरून विचारायचा, काय रे नारायणा, आज दावं किती लांब? हसायचो मी पण. काय करणार?

कुठला? हा वायर आवळायचा पेच? हां. तेवढा नवा आहे. बाकी सगळं असली, हाच म्हापशाच्या दुकानातला — तेज आहे नजर तुमची. त्याचं काय झालं, उंदराने वायर खाल्ली, ती बदलताना जुना पेच हरवला. उंदीर फार इथे, भात असतं ना घरात — असं बघू नका, बाब. कळतं मला. वायर जुनीच आहे, सलग, कुठे जोड नाही, तुम्हाला दिसलंय. उंदीर नव्हता. मीच.

मागच्या शिमग्यानंतरची गोष्ट. सकाळी तिला पुसलं, पेज भरवली, आणि हा पेच काढून खिशात टाकला. का? नाहीतर घंटी रिकाम्या सोप्यावर वाजत राहिली असती, दत्तप्रसाद धावत आला असता, आणि सगळ्या कोरगावात झालं असतं की म्हातारा तिला टाकून फिरायला गेला. त्या लाजेपायी — त्या लाजेपायी दत्तप्रसादलाही यायला दिलं नाही मी. केरीला गेलो. तिथे काय? काही नाही. फेरीबोट तेरेखोलला जाते, परत येते. ती बघत बसलो. सात खेपा बघितल्या. परत आलो तर तिच्या तळहाताला फोड, फुटलेले. किती वेळ फिरवत होती कोण जाणे. मी म्हटलं, अगो, उंदराने वायर खाल्ली बघ — आणि म्हणता म्हणता तिच्यावर वाकलो, तर खिशातला पेच पडला तिच्या छातीवर.

तिने उचलला. मूठ मिटली. अजून तिच्याच उशीखाली आहे. मागितला नाही मी, कुठल्या तोंडाने मागू? दुसऱ्या दिवशी नवा आणून लावला, पण त्या दिवसापासून तिने हँडलला हात लावलेला नाही. वाजायचं तेव्हा निदान बागेपर्यंत जायचो. आता वाजतच नाही, म्हणून उंबरा सुटत नाही. दर थोड्या वेळाने आत डोकावतो, ती आढ्याकडे बघत असते. म्हणून म्हटलं, घेऊन जा बाब, दोन्ही घेऊन जा, निदान तो मुका डबा नजरेसमोरून —

अहो! फिरवलंत? सांगितलं होतं ना मी! चालतो का ते बघायला? चालतो हो, वाजलं आत, ऐकलं मी — आता ती काय समजेल, मी बोलावतोय तिला — इकडून मी कधी फिरवलंच नाही, तीन वर्षांत एकदाही नाही, सुचलंच नाही की मीही तिला बोलावू शकतो —

थांबा. हात काढा. गप्प बसा थोडे.

एक. एकदाच वाजली, तिने आतून फिरवलं. एक म्हणजे पाणी. — तांब्या तर मघाशीच भरून ठेवलाय मी तिच्या उशाशी, हाताला लागेल असा.

डबा खाली ठेवा, बाब. नाही, हा देणार नाही आणि तोही नाही. जाताना फाटक ओढून घ्या, गुरं शिरतात.