गंगव्वाच्या रानात पोचलेलं पाणी

मंडळी, तुम्ही उन्हातान्हाचे इथं आलात. शाळेतल्या कविता या म्हाताऱ्याला अजून पाठ आहेत, म्हणून गंगव्वावर बोलायला मला उभं केलंत. आज एकही ओळ आठवत नाही. खरं सांगू? लाज वाटते.

नव्या पोरांना ठाऊक नसेल. पूर्वी आपल्या नदीवर एकाच बागायतदाराचं इंजिन होतं. तो पाणी द्यायचा आणि निम्मं पीक न्यायचा. मग गावात वीज आली. देवळापुढच्या बैठकीत बायकांतून गंगव्वा उठली आणि म्हणाली, "पानी नदीचं, लाईट सरकारची, मग मोटार एकट्याची का म्हून?"

त्या प्रश्नातून आपली पाणी संस्था उभी राहिली. मोटार गावाची, पाट गावाचा. पंपघराला नदीकाठची जागा गंगव्वानं दिली आणि बदल्यात पाटाच्या अगदी शेवटचं, टेलचं रान घेतलं. पाण्याची पाळी टेलपासून सुरू करायची, हा नियमही तिचाच. वरच्यांच्या तर दारातनंच पाणी जातंय की, म्हणायची.

काय दिवस होते! पहाटे पाटाची दारं धरून पिकाला पाणी पाजताना मी मोठ्यानं कविता म्हणायचो. ती बांधावरनं टोमणा मारायची, "कवी, तुमच्या कवितेत नदी लई वाहती. जरा पाटात बी सोडा की."

मग भरमसाट पाणी पिणारा ऊस आला. आपण पाटाच्या वरच्या अंगाचे. आधी आमचं भिजू दे, म्हणालो. खाली काय उरलं? ती मागत राहिली, आपण बघू म्हणत राहिलो. बघितलं कुणी? मी नाही बघितलं.

परवा ती गेली. आपल्या लिंगायत रिवाजानं तिला तिच्याच रानात समाधी द्यायची होती. पहार मातीवर आपटून टणकन उडायची. भिजवल्याशिवाय खड्डा होईना. तेव्हा आपण काय केलं, मंडळी? पाटावरची आपापली दारं बंद केली. कुणी भांडलं नाही. आणि पाणी टेलला पोचलं. सहज पोचलं. म्हणजे इतकी वर्षं ते पोचलं असतं.

माती देऊन झाल्यावर तिचा मुलगा मल्लू माझ्याजवळ आला. रागानं नाही, अदबीनं विचारलं त्यानं, "काका, काम झालं. पानी बंद करायचं का आता?"

मी मान खाली घातली. तुम्हीही घातलीत.

पाणी अजून चालू आहे. मल्लू तिथं मागं, खांबापाशी उभा आहे. आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहू, आणि त्याला काय सांगायचं ते ज्यानं त्यानं मनाशी ठरवू. पहिलं उत्तर माझं.

गंगव्वा, तुला शेवटचं शरणु शरणार्थी.

उठा, मंडळी.