सामाईक बांध

यवतच्या स्टँडवर सायली तान्ह्या बाळाला ओढणीने वारा घालत होती. उन्हाची तिला धास्तीच बसली होती. शेजारी बांधाला बांध लागून असलेले दोन शेतकरी बोलत होते.

"आप्पा, रोपवाटिकेत चाललोय. आपल्या सामाईक बांधावर आंबा लावू का?"

"न्हाई. सावलीनं माझा ऊस खुरटंल."

"आन् उन्हानं करपतोय, त्याचं काय? तुमच्या खुरपणाऱ्या बाया जेवायला माझ्याच लिंबाखाली येत्यात."

"टोमणा मारतो व्हय, मच्छिंद्र?"

"मारतो की. तुमच्या रानात झाडच न्हाई."

"बरं, शेवगा लाव. सावली विरळ, शेंगा दोघांला."

"मागनं उपटायचा न्हाई हां."

"थांब, मी बी येतो."

"तुमचं कुरकुंभला काम होतं ना?"

"उद्या बघू. तू शेवगा म्हणून आंबाच आणशील."